इंदूरला रामबागेत १२ बाय १४ फुटांचा हॉल आहे. होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) ५.१ घ्यावा की ७.२?

एवढ्या हॉलला ५.१ पुरे, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर; ७.२ म्हणजे सात आणि दोन. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ७.२चे मागचे दोन स्पीकर लावणार कुठे? छतातून आवाज हवाच असेल तर मात्र ॲटमॉसवाला (डॉल्बीचं वरूनही आवाज देणारं तंत्र) सात चॅनलचा, म्हणजे सात स्पीकर चालवणारा घ्या, तो ५.१.२ असा लावता येतो; शेवटचे दोन छताचे.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. तो बरेचदा एकच चॅनल चालवून, १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो. दोन चॅनल चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ (ऐकू येणारा सगळा पट्टा) असा दिलेला आकडा बघा. ७०-८० निघाला तरी भरपूर. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरला चालतात का, आधी विचारा. टीव्हीत ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे नेणारी सोय) असेल तर ते वापरायला रिसीव्हरलाही हवंच.

आणि हो, शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. मे महिन्यात तापून मध्येच बंद पडेल.