दाखला अडवून फी वसूल होत नाही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. बीड जिल्ह्यातल्या एका गावात आमची संस्था पहिली ते सातवीची स्वयंअर्थसहाय्यित मराठी शाळा चालवते. मी संस्थेचा सचिव आहे. फी वर्षाला 6,000 रुपये. एका ऊसतोड कुटुंबाच्या दोन मुलांची मिळून 19,000 रुपये बाकी आहे. आता पालकांना मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायची आहेत, कारण तिथे हंगामी वसतिगृह आहे. बाकी भरल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. सरल या शासनाच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरची मुलांच्या बदलीची विनंतीही आम्ही मंजूर केलेली नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांची नोटीस आली आहे, सात दिवसांत खुलासा मागितला आहे. इकडे आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के मोफत जागांवरच्या, तीसेक मुलांचे सरकारकडून यायचे पैसे दोन वर्षांपासून आलेले नाहीत आणि शिक्षकांचे तीन महिन्यांचे पगार थकलेत. आज दाखला दिला तर उद्या सगळेच पालक बाकी ठेवून जातील. आरटीईची मुलं घेणं बंद करता येईल का? आणि पुढच्या वर्षीपासून प्रवेशाच्या वेळीच कोरा चेक सही करून घ्यावा का?

उत्तर : सर, दाखला आजच द्या. खुलासा नंतर लिहा.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाऊ मागत असेल, तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे तुम्ही दाखला अडवला तरी मुलं तिकडे बसणारच. अडकणार आहेत ते तुमचे मुख्याध्यापक, कारण दाखल्याला उशीर केल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होईल असं याच कलमात लिहिलं आहे. निर्णय तुमचा आणि नोटीस त्यांच्या नावाने. हे मला बरं वाटलं नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

कुणी तुम्हाला सांगेल की मूल दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जात असेल तर कलम 5 लागू होत नाही. कलमाचे शब्द पाहिले तर ते बरोबर आहे. पण तुमच्या प्रकरणात मुलं जिल्हा परिषदेकडे चालली आहेत, त्यामुळे हा मुद्दा तुमच्या कामाचा नाही. शिवाय न्यायालयांचा कलही पाहा. राजस्थानातल्या शाळांच्या फीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 3 मे 2021 रोजी निकाल दिला. फी थकली म्हणून विद्यार्थ्याला वर्गात बसू न देणं किंवा निकाल रोखणं शाळांना त्यात मना केलं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दाखला हे फी वसुलीचं साधन नाही असं सांगितलं, आणि दाखल्यावर फीबाकीची नोंद करायलाही मनाई केली. तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात ‘फी बाकी’ लिहायचा मोह आवरा. वर्गात सगळ्यांसमोर बाकीदारांची नावं वाचली जात असतील तर तेही थांबवा. मुलाला मानसिक त्रास देण्याबद्दल कलम 17 आहे आणि त्यातून उद्भवणारी तक्रार या नोटिशीपेक्षा जड जाईल.

खुलासा चार ओळींचा पुरे. दाखला अमुक तारखेला दिला, सरलवरची विनंती मंजूर केली, दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, आणि थकीत फी कायदेशीर मार्गाने वसूल करण्याचा संस्थेचा हक्क राखून ठेवला आहे. शाळेची आर्थिक ओढाताण त्यात लिहू नका. ती खरी असली तरी या नोटिशीचं उत्तर नव्हे.

आता 19,000 रुपयांचं. हे देणं आहे आणि संस्थेला ते मागता येतं. पण दावा लावण्याआधी एक फाइल उघडा. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी व्यवस्थापनाने प्रस्ताव द्यायचा, समितीने मान्य केलेली फी फलकावर लावायची. आपल्याकडच्या लहान शाळांत ही समिती बऱ्याचदा कागदावरसुद्धा नसते. सहा हजारांच्या फीला कशाला समिती, असं वाटतं. पण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि त्याला उत्तर नसेल तर दावा लंगडा होतो. इतिवृत्त असेल तर ठीक. नसेल तर निदान पुढच्या वर्षासाठी आजपासून तयारीला लागा.

समजा कागद चोख आहेत आणि दावा तुम्ही जिंकलात. पुढे काय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार मजुराची मजुरी जप्त होत नाही, तो राहतो ते घर जप्त होत नाही, शेतकरी असेल तर बैल-अवजारंही सुटतात. बीडच्या ऊसतोड मजुराकडे याखेरीज जप्त करण्यासारखं काय असतं? हुकूमनामा कपाटात पडून राहील आणि वकिलाची फी बाकीपेक्षा जास्त होईल. माझ्या व्यवसायाला हे सांगणं परवडणारं नाही, तरी सांगतो : या रकमेसाठी दावा लावू नका.

त्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, प्रकरण म्हणून अर्ज द्या. वीजबिलं, बँकांची कर्जं, ग्रामपंचायतीची घरपट्टी अशी प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत याच वाटेने येतात. कोर्ट फी नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि तिच्यावर अपील नाही. पालक आलेच नाहीत तर मात्र लोकअदालत काही करू शकत नाही, ती जबरदस्ती करत नाही. म्हणून तारीख पाहून अर्ज द्या. टोळ्या बाहेर पडतात दसरा-दिवाळीच्या सुमारास, परततात मार्च-एप्रिलमध्ये. डिसेंबरातल्या लोकअदालतीची नोटीस गावातल्या म्हाताऱ्या आजीच्या हाती पडेल आणि तिथेच राहील.

हेच वेळापत्रक फीलाही लावा. मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, मिळते तेव्हा घरात एकदाच मोठी रक्कम येते. तुमचा पहिला हप्ता जूनमध्ये असेल तर तो चुकणारच. निम्मी फी उचलीच्या वेळी आणि निम्मी पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, असा ठराव समितीकडून मंजूर करून घ्या. आणि बाकी राहिली तर दरवर्षी खातेवहीत ‘इतकी रक्कम देणे आहे, कबूल’ असं लिहून पालकांची तारखेसह सही घ्या. वसुलीची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत अधिनियमाच्या कलम 18 मुळे ती नव्याने मोजली जाते. मुदत संपल्यावर घेतलेल्या सहीचा असा उपयोग नाही.

कोरा चेक घेऊ नका. चेक न वटल्याचा खटला भरायचा तर बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार, ही साखळी कुठेही तुटून चालत नाही. त्यात रक्कम कुणी भरली, तेव्हा देणं नेमकं किती होतं, यावर तालुका कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतो. आणि मजूर बाईवर फौजदारी करणारी शाळा म्हणून गावात नाव झालं तर पुढच्या जूनला पहिलीत कोण येईल?

आरटीईची मुलं बंद करता येणार नाहीत. तुमची शाळा बिनअल्पसंख्याक आहे असं मी धरतो. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर 25 टक्क्यांतून सूट देणारी अधिसूचना राज्याने 9 फेब्रुवारी 2024 रोजी काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती 19 जुलै 2024 रोजी रद्द केली. पैसे थकले म्हणून प्रवेश नाकारलात तर मान्यतेवर येईल.

पण हे पैसे मागण्याचा तुमचा हक्क मात्र पक्का आहे, कलम 12(2) मध्येच तो दिला आहे. राज्याचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि तुमची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी, ती मिळते. मोठ्या शाळांच्या तोंडी 17,670 रुपयांचा दर असतो, तुमच्या वाट्याला 6,000 च येणार. तरी तीस मुलांचे दोन वर्षांचे 3,60,000 होतात. तुमच्या शिक्षकांचे पगार यातच अडकले आहेत, त्या 19,000 मध्ये नाहीत. आधी नमुना 2 ची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालची शाळेची, मान्यता चालू आहे ना ते पाहा. तिची तीन वर्षांची मुदत उलटली असेल तर प्रस्ताव तिथेच अडतो. मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा : आमच्या शाळेचे दोन्ही वर्षांचे प्रस्ताव कोणत्या तारखेला पुढे गेले, त्रुटी काय काढली, जिल्ह्याला निधी किती आला आणि कोणत्या क्रमाने वाटला. 30 दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. तो कागद हाती आला की तालुक्यातल्या अशाच पाच-सहा शाळांनी मिळून औरंगाबाद खंडपीठात रिट करा. खर्च वाटला जातो.

पगाराबद्दल थोडक्यात : खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. ‘आरटीईचे पैसे आले की देतो’ हे शिक्षकांना तोंडी सांगता येतं, न्यायालयात ते चालत नाही. जे देता येतील ते बँकेतून द्या, रोख नको, आणि पूर्ण पगाराच्या पावतीवर अर्ध्या पगाराची सही कुणाकडूनही घेऊ नका.