तिसरा महिना चालू आहे, मळमळीमुळे जेवणच जात नाही. बाळाला कमी पडेल का? आणि पुढे दूध भरपूर यावं म्हणून काय खाऊ?

चार घास कमी गेले म्हणून बाळ उपाशी राहत नाही, ही धास्ती आधी मनातून काढा. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरी जवळपास लागतच नाहीत. मधल्या तिमाहीत रोज साधारण 340 आणि शेवटच्या तिमाहीत 450 जास्त लागतात. ‘आता दोघांचं खा’ म्हणणाऱ्यांचं ऐकाल तर वजन तेवढं वाढेल. सध्या पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं खात राहा. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा लघवी कमी होत असेल, तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.

मला विचाराल तर खरा घोळ लोहाच्या गोळीचा असतो. गोळी वेळेवर घ्यायची आणि लगेच वर चहा प्यायचा! चहा-कॉफी लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमही आड येतं, म्हणून त्या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. मी लोहाची सकाळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे, कॅल्शियमची रात्री जेवल्यावर, आणि चहा गोळीनंतर तास-दीड तासाने. (सकाळी चहाची वाट बघणं हीच सगळ्यात मोठी शिक्षा.) लोहाने शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोट फारच जड होत असेल तर गोळी बदलून मागा, परस्पर बंद करू नका.

फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी दिलं असेलच, ते चालू ठेवा. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत मिटते, म्हणून ज्यांचा बाळाचा विचार अजून चालू आहे त्यांनी रोज 400 मायक्रोग्रॅम आधीपासूनच सुरू करावं. कच्ची अंडी, अर्धवट शिजलेलं मांस, न तापवलेलं दूध नको. दारू अजिबात नको. कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत.

आता दुधाचं. दूध येतं ते मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर. एखादा पदार्थ खाल्ला की पान्हा फुटतो, असं नाही. पण भूक सडकून लागते, त्या दिवसांत डाएट वगैरे काढू नका. तुम्ही कमी खाल्लंत तरी दुधातलं कॅल्शियम फारसं घटत नाही, शरीर ते तुमच्या हाडांतून काढून देतं. बी-12 आणि आयोडीनचं मात्र तसं नाही. ते आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. मांस-अंडी खात नसाल तर बी-12 आताच तपासून घ्या आणि मीठ आयोडीनयुक्त वापरा. बाळ रडलं की घरातलं कुणीतरी तुमच्या ताटातला एकेक पदार्थ बंद करायला लागेल, तेव्हा ठाम राहा. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं किंवा त्याच्या अंगावर चट्टे आले तरच डॉक्टरांना विचारून काय ते बंद करा. ड जीवनसत्त्व आईच्या दुधात फार कमी असतं, त्यामुळे बाळाच्या थेंबांचं बाळंतपणानंतर घरी जाण्याआधीच विचारून घ्या.