निकेल की त्यातलं लोखंड?

अनेक आशीर्वाद.

पाणी विजेने फोडून ऑक्सिजन काढायच्या प्रयोगाचा तुझा आलेख पाहिला. निकेल फोमवर (सच्छिद्र निकेलच्या इलेक्ट्रोडवर) 10 मिलिअँपिअरला 190 मिलिव्होल्ट ओव्हरपोटेन्शियल, म्हणजे किमान व्होल्टेजवर लागणारं जादा व्होल्टेज! आकडा झकास आहे, पण पाणी फोडायला किमान लागणाऱ्या 1.23 व्होल्टमध्ये तो मिळवला की 1.42 व्होल्ट होतात, आणि तिथे निकेल स्वतःच ऑक्सिडाइझ होत असतं. तो करंट तू ऑक्सिजनच्या खात्यात जमा केलास. परतीच्या स्कॅनवर, म्हणजे व्होल्टेज उतरवत आणताना, वाचन घे, नाहीतर करंट स्थिर ठेवून बघ.

आता लोखंड. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) ते अत्यल्प प्रमाणात असतंच, आणि निकेल ते ओढून घेतं. हे कॉरिगन या संशोधकाने 1987 मध्येच दाखवलं होतं. 2014 मध्ये बोएट्चर या संशोधकाच्या गटाने तर लोखंड पुरतं काढून टाकलं, तेव्हा निकेल ऑक्सिजनसाठी अगदीच सुमार ठरलं. म्हणजे तू निकेलमध्ये जो आणखी एक धातू मिसळून त्याला श्रेय देतोयस, त्याने काही केलं की बाटलीतल्या लोखंडाने, हे आज तुला सांगता येणार नाही. आधी केओएचमधलं लोखंड काढ: शुद्ध निकेल नायट्रेटपासून हायड्रॉक्साइड पाड, तो पोपटी साका केओएचमध्ये नीट घुसळ, सेंट्रिफ्यूज कर आणि वरचं निवळ घे. लोखंड साक्यात अडकतं. ते निवळ काचेत ठेवू नकोस. अल्कलीने काच झिजते. प्लास्टिकची बाटली घे. आणि बरणीचं झाकण! जुलैत मुंबईच्या हवेत केओएचच्या गोळ्या बघता बघता पाणी ओढून पाझरतात, मग वजन कसलं आणि मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता) कसली.

हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोड तपासताना प्लॅटिनमची तार काउंटर, म्हणजे समोरचा दुसरा इलेक्ट्रोड, म्हणून वापरू नकोस. ती विरघळून तुझ्या स्वस्त इलेक्ट्रोडवर जाऊन बसते. ग्रॅफाइटचा रॉड लाव.

टिकाऊपणाचं म्हणशील तर शेवटची कसारा लोकल गाठायची म्हणून दोन तासांत आटोपलेली चाचणी मी धरत नाही. कारखान्यातले अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर सुमारे 30 टक्के केओएचमध्ये, 70-80 अंशांवर चालतात. रात्रभर तरी चालू दे. परवानगीचं मी बघतो.

नवा आलेख इतक्यात पाठवू नकोस. 100 मिलिअँपिअर तासभर सोड आणि वायू ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या मोजनळीत) गोळा कर. 25 अंशाला साधारण 23 मिलिलिटर ऑक्सिजन यायला हवा. किती आला ते कळव.