खान्देशात चारचाकीशिवाय निभतं का?

तुम्ही विचारलंय की जळगावला बदली होतेय तर गाडी घ्यावीच लागेल का, आणि एसटी सुधारायला आपल्यासारख्यांना काही करता येतं का.

मी नऊ वर्षं गाडीशिवाय अपडाऊन करतोय. सुरत-भुसावळ लाइनवरच्या एका स्टेशनापासून आमचं गाव सात किलोमीटर. जळगावपर्यंत रेल्वेचा पास आहे, स्वस्त आहे, त्याचं काही रडगाणं नाही. खरा घोळ या सात किलोमीटरचा.

संध्याकाळी स्टँडवर उभं राहून बघा. साडेसहाची गाडी लागलेली नसते, चौकशीच्या खिडकीतून फक्त 'येईल'. बाहेर काळी-पिवळीवाला ओरडतोय, "ये वो माय, जागा शे!" जागा म्हणजे मागच्या दारात एक पाय. सातपर्यंत निम्मे लोक तिच्यात निघून जातात. मग एसटी येते, उरलेली आठ माणसं नेते, भारमान (म्हणजे गाडी किती भरते ते) पडतं आणि एक दिवस फेरीच बंद. आमची अशीच गेली.

ती परत कशी आली ते सांगतो. एसटीच्या मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो. गावात हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. २३ जणांनी एकदम पास काढायची तयारी दाखवली, ती यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून आगारात दिली. दीड महिन्याने फेरी सुरू झाली, पण सहा-दहाला. आमची ट्रेन येते सहा-वीसला! पुन्हा अर्ज, पुन्हा चकरा. मग कुठे वेळ बदलली.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बायका एसटीसाठी थांबतात. फेरी टिकली ती त्यांच्यामुळेच, असं माझं मत. आईला पंचाहत्तरीनंतर तिकीटच नाही, त्यामुळे तिला आता दर आठवड्याला बाजारात काहीतरी काम निघतं.

रात्रीचं आजारपण, लग्नकार्य असलं की भाड्याची गाडी सांगतो. वर्षाचा तो खर्च हप्त्यांच्या जवळपासही जात नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहताना मात्र मन डळमळतं, खोटं कशाला बोलू. मुक्कामी गाडीही अजून मिळालेली नाही.

घर बघायला जाल तेव्हा त्या भागाकडे शेवटची गाडी किती वाजता जाते ते आधी विचारा. तेही कंडक्टरला, घरमालकाला नको.