वर्ष उलटू देऊ नका

प्रश्न : वकीलताई, कोर्टानं माझ्या लेकराला महिना ६,००० रुपये पोटगी लावून दिली. सुरुवातीला आली, आता चौदा महिने छदाम नाही. नवरा चाकणला कंपनीत कायम आहे, पण विचारलं की म्हणतो, "सोयाबीनला भाव कुठंय?" यंदा त्याला इन्कम टॅक्सचा रिफंड मिळाला, हे त्याच्याच चुलतभावानं सांगितलं. माझी मावसबहीण अमेरिकेत, ओहायो राज्यात असते. तिकडं म्हणे असा रिफंड परस्पर लेकराला देतात. आपल्याकडं होईल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बहिणीनं सांगितलं ते खरंय. तिकडं थकलेल्या पोटगीची यादी सरकारी यंत्रणाच कर खात्याला कळवते. बापाला आधी नोटीस जाते, मग राज्याचा रिफंड तिकडं वळतो. केंद्राचाही वळतो. (टेक्साससारख्या राज्यात प्राप्तिकरच नाही, तिथं केंद्राच्याच रिफंडवर भिस्त.)

आपल्याकडं पोटगीसाठी रिफंड आपोआप अडत नाही. त्याच्या रिफंडचा नाद सोडा, पगार धरा. आणि आधी तारीख बघा. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, ही अट दोन्हीत आहे. तुमचे पहिले दोन महिने या वाटेनं गेल्यात जमा. अर्ज लांबवाल तसे दर महिन्याला आणखी ६,००० जातील.

अर्जात कंपनीचं नाव-पत्ता लिहा, पगारातून कपातीचा आदेश मागा. सबळ कारण नसताना थकवलं तर एकेका महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून पैसे फिटत नाहीत. "लेकराच्या बापाला आत कसं घालू?" असं म्हणून बायका इथंच कचरतात. मला विचाराल तर, वॉरंट निघालं की बऱ्याच जणांच्या सोयाबीनला अचानक भाव येतो.

हुकुमाची नक्कल तुम्हाला फुकट मिळते. तो जिथं राहतो तिथल्या कोर्टातही हुकूम बजावता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

जाताना पासबुकात एन्ट्री मारून न्या. मागं एक ताई व्हॉट्सॲपवरची भांडणं छापून घेऊन आल्या होत्या, चाळीस पानं. साहेबांनी ती बाजूला सारली अन् विचारलं, "पैसे आले नाहीत, हे कुठं दिसतं?" पासबुक घरी राहिलं होतं. पुढची तारीख पडली.