ऑन्टारियोत लायब्ररीची अर्धवेळ नोकरी: ताई, तुमच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली मास्टर्स पदवी) झालंय, सांगली जिल्ह्यातल्या ब वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात नऊ वर्षं ग्रंथपाल आहात, पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी घेऊन कुटुंबासह कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला येताय, मुलगी पाच वर्षांची आहे. इथे ग्रंथपालाची अर्धवेळ नोकरी मिळेल का, आणि ती परवडेल का?

मीही कराडकडच्या एका वाचनालयातून आले. टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या एका शहरात सार्वजनिक लायब्ररीत आठ वर्षं अर्धवेळ काम करतेय. त्यामुळे स्पष्टच सांगते. लायब्ररीत काम मिळेल, पण ‘ग्रंथपाल’ म्हणून लगेच मिळेल हे डोक्यातून काढून या.

इथे ‘लायब्रेरियन’ हे पद ठरावीक पदवीला बांधलेलं आहे. जाहिरातीत अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची मास्टर्स पदवी मागतात. अमेरिकेतली ही संस्था कॅनडातल्या अभ्यासक्रमांनाही मान्यता देते. ऑन्टारियोत टोरोंटो विद्यापीठ आणि लंडन गावातलं वेस्टर्न विद्यापीठ ही त्यासाठीची ओळखीची नावं. त्याखाली लायब्ररी टेक्निशियन, त्याला कॉलेजचा डिप्लोमा लागतो. मग देवघेवीच्या काउंटरवरचे क्लार्क आणि असिस्टंट, आणि सगळ्यात खाली पेज, म्हणजे परत आलेली पुस्तकं कपाटात लावणारी मंडळी. आपली एम.लिब. वेस, म्हणजे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसकडून तपासून घेता येते, पण समकक्ष पदवी मानायची की नाही हे ती लायब्ररी ठरवते. जाहिरातीत ‘किंवा समकक्ष’ असे शब्द असतील तर बिनधास्त अर्ज करा. नसतील तर फोन करून विचारा.

मी दोन वर्षं वाया घालवली ती इथेच. ग्रंथपाल म्हणून काम केलंय तर ग्रंथपाल म्हणूनच अर्ज करायचे, या हट्टापायी खालच्या जागांकडे बघितलंही नाही. एका मुलाखतीत मला तोंडावर सांगितलं की तुमचा अनुभव चांगला आहे, पण तो कॅनडातला नाही. घरी येऊन खूप रडले. आता ऑन्टारियोत कायदा बदललाय. १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ‘कॅनडातला अनुभव हवा’ अशी अट घालता येत नाही. लोकांच्या मनातली अट एका दिवसात जात नाही, पण तुमच्यासाठी दार माझ्यापेक्षा थोडं जास्त उघडं आहे.

शेवटी मी आठवड्याला चौदा तासांची क्लार्कची जागा घेतली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या जागा बऱ्याचदा आधी आतल्या माणसांना दाखवतात, आणि एकदा आत असलात की तुम्हाला काय येतं ते रोज दिसतं.

पैशाचं गणित मात्र नीट करून या. १ ऑक्टोबर २०२५ पासून इथलं किमान वेतन ताशी १७.६० डॉलर आहे आणि दर ऑक्टोबरात ते बदलतं. पेजचा पगार साधारण त्याच्या आसपास असतो, क्लार्कला त्याहून बरा मिळतो. पण पंधरा-वीस तासांच्या पगारात ब्रॅम्प्टनचं घरभाडं निघत नाही. घरात दुसरा पूर्णवेळ पगार असेल तरच ही नोकरी जमते. अर्धवेळच्या पाळ्या म्हणजे संध्याकाळ आणि शनिवार-रविवार. पाच वर्षांच्या मुलीला इथे सरकारी शाळेत पूर्ण दिवसाचं किंडरगार्टन फुकट असतं, त्यामुळे दिवसा प्रश्न नाही. पण रात्री नऊपर्यंत शाखा उघडी असेल तेव्हा घरी कोण, हे यजमानांशी आत्ताच बोलून घ्या. एक चांगली गोष्ट बरेच जण विचारायचंच विसरतात: नगरपालिका आणि लायब्ररीतले बरेच कर्मचारी ज्या ओमर्स पेन्शनमध्ये असतात, तिच्यात २०२३ पासून अर्धवेळ माणसालाही हवं असेल तर पहिल्या दिवसापासून सामील होता येतं. तुमची लायब्ररी ओमर्समध्ये असेल तर सामील व्हा.

आता काम काय असतं ते. आपल्याकडे वाचनालय म्हटलं की अनामत, वर्गणी, दाखल नोंदवही आणि वर्षअखेरीचं अनुदान. इथे ऑन्टारियोच्या कायद्यानेच रहिवाशांना आत येणं आणि पुस्तक घरी नेणं मोफत आहे. मोफत वाचनालयांचा पहिला कायदा इथे १८८२ मध्ये झाला. पुढे कार्नेगी या अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीतून कॅनडात १२५ ग्रंथालयं उभी राहिली, त्यातली १११ एकट्या ऑन्टारियोत. (सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून मोफत वाचनालयांचं जाळं विणलं, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.) वर्गणी नसल्यामुळे दारातून कोणीही येतं, आणि पुस्तकासाठी येणारे त्यातले काहीच असतात. कुणाला बायोडेटा छापायचा असतो, कुणाला सरकारी फॉर्म समजत नसतो, कुणाला थंडीत नुसतं बसायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी स्वयंसेवकांकडून कराचे फॉर्म भरून देण्याची शिबिरं असतात. काही शाखांत नव्याने आलेल्यांना मदत करणारे सेटलमेंट वर्कर ठरलेल्या दिवशी बसतात. नागरिकत्वाच्या परीक्षेची पुस्तिका तर मी इतक्यांना काढून दिलीय की वीस प्रश्न, पंधरा बरोबर हे मला झोपेतही आठवतं.

एक प्रसंग सांगते, कारण सगळं काम त्यात आहे. डिसेंबरातली संध्याकाळ, बुटांना बर्फ लागलेला एक माणूस काउंटरवर आला आणि म्हणाला, गाड्यांची पुस्तकं कुठे? ६२९ क्रमांकाच्या कपाटाकडे बोट दाखवता आलं असतं. मी विचारलं, गाडी दुरुस्त करायचीय की चालवायला शिकायचंय? तो जरा घुटमळला. चार दिवसांनी जी-वनची, म्हणजे शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा होती आणि आधी एकदा नापास झाला होता. त्यात चाळीस प्रश्न असतात, रस्त्यावरच्या चिन्हांचे वीस आणि नियमांचे वीस, दोन्हीकडे सोळा बरोबर लागतात. तो चिन्हांमध्ये पास होता, इंग्रजी वाक्यांत अडत होता. मग मी ड्रायव्हरची पुस्तिका काढली, एका कोपऱ्यात बसून त्याने अडलेली वाक्यं दाखवली, आणि मंगळवारी आमच्याकडे इंग्रजी बोलण्याचा मोफत गट भरतो हेही मी त्याला सांगितलं. दोन आठवड्यांनी तो लायसन्सचा कागद दाखवायला आला.

ताई, हे तुम्हाला येतं. तुमच्या वाचनालयात कोणी ‘ते लाल मुखपृष्ठाचं, मागच्या वर्षी नेलं होतं’ म्हणत आलं तर दोन प्रश्नांत तुम्ही पुस्तक काढून देता ना? इथे त्याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात आणि मुलाखतीत त्यावर हमखास प्रश्न येतो. माझ्या मुलाखतीत मी भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली, तेव्हा समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवून दुसरं सूत्र, ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’, माझ्याबरोबर पूर्ण केलं. १९३१ सालची ती सूत्रं इथल्या विद्यार्थ्यांनाही शिकवतात. संकोच न करता सांगा.

एक सवय मात्र बदलावी लागेल. गावात कोण काय वाचतं हे आपल्याला पाठ असतं आणि आपण कौतुकाने सांगतोही. इथे ते चालत नाही. ओळखीतल्या एका काकूंनी मला सहज विचारलं, आमची सून हल्ली कसली पुस्तकं नेते गं? मी सांगितलं नाही. त्या दुखावल्या, महिनाभर बोलल्या नाहीत. पण ती सून त्या काळात काय शोधत होती हे मला माहीत होतं, आणि तिला ते कुणाच्या नजरेशिवाय वाचता आलं पाहिजे. आपल्या माणसांच्या वस्तीत काम करताना ही गोष्ट सगळ्यात अवघड जाते, आणि सगळ्यात जास्त जपावी लागते.

मराठीचं विचारलंत. आमच्या शाखेत पंजाबी, हिंदी, गुजराती, तमिळ, उर्दू पुस्तकांचे कप्पे आहेत, मराठीचा नव्हता. वाचकांनी मागणी नोंदवली तर विचार होतो, म्हणून मी इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना फॉर्म भरायला लावले. आज एक फळी आहे. त्या फळीसमोर एक आजोबा दर शनिवारी उभे राहून पुस्तकांच्या पाठीवरची नावं नुसती वाचतात.

निघण्याआधी एवढं कराच. वेससाठी गुणपत्रकं विद्यापीठाकडून बंद लिफाफ्यात जावी लागतात आणि तिथे वेळ जातो, म्हणून आत्ताच सुरू करा. अनुभवाचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर घ्या, त्यात आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कामं लिहून घ्या: वाचकसंख्या, बालविभाग, कथाकथन, संगणकावर नोंदी. मुलांबरोबर काम असल्यामुळे नोकरी देताना इथे पोलिसांकडून विशेष पडताळणी होते, तिचं वाईट वाटून घेऊ नका, ती सगळ्यांचीच होते.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाखेत जाऊन कार्ड काढा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, भाडेकरार बहुतेक चालतो. मुलीचंही वेगळं कार्ड काढा. आणि काउंटरवर जो असेल त्याला विचारा, तुमच्याकडे अर्धवेळ जागांच्या जाहिराती कुठे लागतात? मला तो प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतं, आणि मी प्रत्येकाला नीट बसवून सांगते.