सुट्टीवर आलेला फौजी आणि घरची झोप

प्रश्न : माझे मिस्टर हवालदार आहेत. नियंत्रण रेषेवरून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेत. द्राक्षबागेत पाखरं हाकलायला फटाका वाजला की जमिनीवर आडवे पडतात. रात्री ओरडत उठतात. परवा हलवून जागं केलं तर माझा गळाच धरला. दारू रोजची. दवाखान्यात नेलं तर नोकरी जाईल का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : ताई, आधी स्वतःला जपा. ते ओरडले तर हात लावू नका. खाटेच्या पायथ्याशी, त्यांचा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभ्या राहा, दिवा लावा आणि नावाने हाक मारा. (एरवी नाव घेत नसाल, तरी अशा वेळी घ्या.) ‘तुम्ही घरी आहात’ एवढंच सांगत राहा.

बागवाल्यांना फटाक्यांची वेळ विचारून मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. आवाज अपेक्षित असला की दचकणं कमी होतं.

दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि वाईट स्वप्नं बळावतात. तरीही बाटली एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिटसुद्धा येते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. सासूबाईंना दृष्ट काढायची तर काढू द्या, पण त्यापायी दवाखाना लांबवू नका.

आता नोकरीचं. सुट्टीत असतानाही देवळालीच्या लष्करी रुग्णालयात दाखवता येतं. ओळखपत्र आणि सुट्टीचा कागद न्या. निदान झालं म्हणजे लगेच घरी पाठवतात असं नाही. मेडिकल कॅटेगरी (सैन्यात तब्येतीवरून ठरणारी श्रेणी) सहसा आधी तात्पुरती उतरते, मुदतीने फेरतपासणी होते. बढती अडू शकते, हे खरं. पण बाहेरून गुपचूप गोळ्या घेतल्या तर सैन्याच्या कागदांत नोंद होत नाही, आणि पुढे अपंगत्व पेन्शन मागताना तीच नोंद लागते.

त्रास महिनाभर टिकला तर दाखवायलाच हवं. ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलले तर त्याच दिवशी. फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीतून बोलता येतं, तुम्हालाही.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा वडिलांजवळ जातच नाही.
– सिन्नर

उत्तर : ओढून मांडीवर बसवू नका. शाळेत सोडायचं काम रोज वडिलांकडे द्या, आणि अभ्यासावरून रागावणं सध्या तुमच्याकडेच राहू द्या.